विधवा मातेची मिळकत उभी करताना : कागद आधी, मशीन नंतर

गावात लेकुरवाळी बाई विधवा झाली की चांगल्या मनाची माणसे तिच्यासाठी काहीतरी करायला धावतात, आणि बहुतेक वेळा ते 'काहीतरी' म्हणजे शिलाई मशीन असते. कार्यक्रम होतो, हार-तुरे होतात, फोटो निघतो. वर्षभराने त्याच घरी गेले तर मशीनवर घडी घातलेल्या गोधड्या रचलेल्या दिसतात. मशीन चांगलीच असते. पण ती घरात आली त्या दिवशी शेताची वारस नोंद झालेली नव्हती, रेशनकार्ड सासऱ्याच्या नावावर होते, ऊसतोडीचा मुकादम आगाऊ दिलेली उचल परत मागायला दारात येत होता, आणि त्याच गल्लीत आधीपासून तीन जणी ब्लाउज शिवत होत्या. एवढ्या ओझ्याखाली कोणताही धंदा तग धरत नाही.

हा लेख बचत गटाच्या समूह संसाधन व्यक्ती, अंगणवाडी सेविका, शिक्षक, आणि गावातल्या मंडळांचे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. उदाहरणे बीड, धाराशिव, सोलापूर या पट्ट्यातली, म्हणजे कोरडवाहू शेतीची आणि ऊसतोडीची आहेत, कारण तिथला अनुभव माझ्या हाताशी आहे. टप्प्यांचा क्रम मात्र महाराष्ट्रात इतरत्रही हाच ठेवावा.

0. घरी जाण्यापूर्वीची तयारी

कमीत कमी दोघांनी जावे आणि त्यांतली एक बाई असावी. एकट्या पुरुष कार्यकर्त्याने वरचेवर जाऊ नये, कारण हेतू कितीही स्वच्छ असला तरी बोलणी तिला खावी लागतात. सोबत एक प्लास्टिकची फाइल, शंभर पानी वही आणि झेरॉक्ससाठी थोडे पैसे ठेवावेत. पहिल्या भेटीत कोणतेही आश्वासन देऊ नये आणि फोटो काढू नये. 'आम्ही तुम्हाला मशीन मिळवून देऊ' हे वाक्य एकदा तोंडातून गेले की पुढचे सहा महिने तुम्ही त्या वाक्याच्या मागे धावत राहता.

सासू-सासरे, दीर यांच्याशी पहिल्याच दिवशी नम्रपणे बोलून घ्यावे. त्यांना डावलून तिच्याशी परस्पर बोलणे सुरू केले, तर पुढच्या प्रत्येक सहीला अडथळा येतो.

1. मृत्यूचा दाखला आणि नावांचा मेळ

मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. दुखवट्याच्या घरात कागदाचे बोलणे जड जाते, पण तेरावे होईपर्यंत थांबलो तर त्यातले बहुतेक दिवस निघून जातात. म्हणून हे काम भावकीतल्या एखाद्या समजूतदार माणसावर सोपवून लगेच करून घ्यावे. मुदत गेली तरी नोंद होते. मात्र आधी विलंब शुल्क भरावे लागते, आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावे लागते.

इथली सर्वांत सामान्य चूक म्हणजे दाखला चुकीच्या ठिकाणी शोधणे. मृत्यू जिथे झाला, तिथल्या नोंदवहीत नोंद होते. जिल्ह्याच्या रुग्णालयात प्राण गेला असेल तर नोंद त्या शहरात मिळेल. ऊसतोडीवर असताना कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या गावात मृत्यू झाला असेल तर त्या गावच्या ग्रामपंचायतीकडे जावे लागेल. आपल्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालण्यात महिना जातो आणि शेवटी 'इथे नोंदच नाही' असे उत्तर मिळते. दाखल्याच्या निदान पाच मूळ प्रती घ्याव्यात.

त्यानंतर सर्व कागद जमिनीवर पसरून नावे ताडून पाहावीत. एका घरी आम्ही असे कागद मांडले, तेव्हा तोच माणूस आधारवर 'बालाजी', सातबाऱ्यावर 'बाळू' आणि बँकेच्या पासबुकात 'बाळासाहेब' निघाला, आणि त्याची पत्नी एका कागदावर अजून माहेरच्या नावाने होती. बीडच्या कचेरीत खिडकीतला माणूस हे तीन वेगळे इसम समजणार, यात त्याचा दोष नाही. तिन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून फाइलला लावावे. तिच्या स्वतःच्या आधारवरील नाव, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक याच वेळी दुरुस्त करून घ्यावा. आधारला जोडलेला मोबाइल पतीचा असेल, तर तो क्रमांक बंद पडण्याआधी बदलणे निकडीचे असते.

*तपासणी : दाखल्याच्या प्रती, तिचे आणि मुलांचे आधार, पतीचे पासबुक, रेशनकार्ड, सातबारा व 8-अ (खाते उतारा) एकाच फाइलमध्ये आहेत का? ती फाइल तिच्याच ट्रंकेत आहे का?*

2. मुदत संपणारे हक्क आधी

पतीचे पासबुक अद्ययावत करून घ्यावे आणि मे-जून महिन्यांच्या नोंदी बोट ठेवून वाचाव्यात. तिथे 436 रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचा 2 लाख रुपयांचा विमा उतरवलेला आहे. 20 रुपये कापलेले दिसले तर तो सुरक्षा विमा योजनेचा अपघात विमा आहे आणि अपघाती मृत्यूला त्याचेही 2 लाख मिळतात. या विम्यांचे वर्ष 1 जून ते 31 मे असे चालते. खाते उघडताना कोणीतरी फॉर्मवर खूण करून घेतलेली असते आणि घरात कोणालाच त्याचा पत्ता नसतो. खात्यात दुसरे काही नाही म्हणून पासबुक पेटीत पडून राहते आणि त्याच्याबरोबर दोन लाख पडून राहतात. म्हणून नोंद दिसताच त्याच आठवड्यात शाखेत दाव्याचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

घर शेतकऱ्याचे असेल आणि मृत्यू अपघाती असेल, उदाहरणार्थ सर्पदंश, वीज पडणे, विजेचा धक्का, रस्ता अपघात, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत 2 लाख रुपये आहेत. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे प्रस्ताव 30 दिवसांत द्यावा लागतो. शवविच्छेदन अहवाल व पंचनामा नसेल तर हा प्रस्ताव बहुधा उभाच राहत नाही. आत्महत्या या योजनेत बसत नाही. त्यासाठी वेगळी 1 लाख रुपयांची मदत आहे. तिची पात्रता जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते, आणि त्यातले 30 हजार हाती येऊन 70 हजार ठेवीत जातात. पती नोंदणीकृत बांधकाम कामगार असेल, तर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडून विधवा पत्नीला पाच वर्षे दरवर्षी 24 हजार रुपये मिळतात. त्याचे नोंदणी कार्ड शोधावे. दारिद्र्यरेषेखालील घरातला कर्ता 60 वर्षांच्या आत गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे 20 हजार एकरकमी मिळतात, आणि त्याचा अर्ज तहसील कार्यालयात होतो.

*इशारा : मोठी रक्कम खात्यात आली की आठ दिवसांत उसनवार मागणारे येतात. ती येण्याआधीच निम्म्याहून अधिक रक्कम मुदत ठेवीत टाकण्याचे तिच्याशी बोलून ठरवावे.*

3. वारस नोंद

शेत पाच गुंठे असो वा दोन एकर, तिचे नाव सातबाऱ्यावर आल्याशिवाय पीककर्ज, पीकविमा, विहीर, अनुदान यांपैकी काहीही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरून वारस नोंदीचा अर्ज करावा. पुढे फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरला जातो, 15 दिवसांची नोटीस निघते आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. फेरफार क्रमांक वहीत लिहून घ्यावा आणि प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा हातात घेऊनच काम संपले असे म्हणावे.

हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई यांना समान हिस्सा मिळतो. मुलींची नावे वगळून 'नंतर लावू' असे सांगितले जाते, ते मान्य करू नये. लहान मुलांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असे लागते, म्हणजे ती पालनकर्ती ठरते. मुलांचा हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, ही गोष्ट तिला आणि दिरांना एकत्र बसवून सांगितली तर पुढचे बरेच वाद टळतात. पुनर्विवाह केला तर हक्क जातो, ही समजूतही चुकीची आहे. पतीच्या मृत्यूबरोबर तिला मिळालेला हिस्सा तिचाच राहतो.

जमीन हयात सासऱ्यांच्या किंवा थोरल्या दिराच्या नावावर 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून लागलेली असेल, तर साधी वारस नोंद पुरत नाही. अशा वेळी भांडण न काढता तालुका विधी सेवा समितीकडे जावे. तिथे बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

*इशारा : वारस नोंदीसाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावे लागत नाही. 'वारस लावायला चल' म्हणून तिला तिथे नेत असतील, तर तो कागद बहुधा हक्कसोडपत्राचा असतो. त्याच्यावर अंगठा उठला की परत फिरणे फार कठीण. तो कागद गावातल्या दोघांनी मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही, हे तिला पहिल्याच भेटीत सांगून ठेवावे.*

4. महिन्याचा आधार

धंदा सुरू होण्याआधी चूल पेटती राहील एवढी रक्कम ठरलेली असली पाहिजे. ती नसेल तर धंद्याचे भांडवल पहिल्याच आजारपणात दवाखान्यात जाते.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवेला दरमहा 1,500 रुपये मिळतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये आहे आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. हा दाखला सवयीने 40-50 हजारांचा काढला जातो आणि तिथेच अर्ज बाद होतो, म्हणून दाखल्याचा अर्ज भरण्यापूर्वी खरे उत्पन्न शांतपणे मांडून घ्यावे. खोटे लिहू नये. पण पती हयात असतानाची मिळकत आजही धरली जात असेल, तर ती आता नाही हे दाखवून द्यावे. लाडकी बहीण योजनेचे 1,500 आणि निराधारचे 1,500 असे दोन्ही एकत्र मिळत नाहीत. दोन्हीकडे अर्ज करून ठेवणाऱ्या बाईला नंतर वसुलीची भीती घालणारे एजंट भेटतात.

याहून महत्त्वाची आणि याहून कमी ठाऊक असलेली योजना म्हणजे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. 18 वर्षांखालील मुलामागे दरमहा 2,250 रुपये मिळतात. वडील गेलेल्या मुलांना ती लागू आहे, आई हयात असली तरीही. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जातो आणि आदेश बालकल्याण समिती काढते. शाळेचा बोनाफाईड, मृत्यूचा दाखला, रहिवासी व उत्पन्नाचे दाखले, आणि घरासमोर मुलांसह आईचा फोटो तयार ठेवावा. दोन मुलांचे 4,500 आणि निराधारचे 1,500 मिळून 6,000 रुपये होतात. ऊसतोडीच्या गावात हा आकडा मोठा आहे. हे हप्ते मात्र दरमहा ठरल्या तारखेला येतात असे समजून चालू नये. कधी चार महिन्यांचे एकदम येतात, म्हणून किराण्याचा हिशेब त्यांच्यावर बांधू नये. शाळा, दवाखाना आणि ठेव यांच्यासाठी ते धरावेत.

रेशनकार्ड वेगळे करून तिच्या नावावर घ्यावे. अन्नसुरक्षा कायद्यात घरातली 18 वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ बाईच कुटुंबप्रमुख धरली जाते, आणि विधवा प्रमुख असलेले गरीब कुटुंब अंत्योदयच्या 35 किलो धान्यास पात्र ठरू शकते. पुरवठा शाखेत इष्टांक (ठरवून दिलेला कोटा) शिल्लक नाही असे उत्तर मिळाले तरी अर्ज लेखी देऊन पोच घ्यावी. नुसते तोंडी विचारून परत येणे ही चूक फार घडते.

*तपासणी : तिचे आधार नेमके कोणत्या बँक खात्याशी जोडलेले आहे? सरकारी पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. 'पैसे आलेच नाहीत' अशा तक्रारींमध्ये अनेकदा पैसे जुन्या, विसरलेल्या खात्यात पडलेले सापडतात.*

5. उचल आणि हातउसने

ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीने घेतलेली असते आणि नवरा गेला की मुकादम उरलेल्या अर्ध्या कोयत्याकडे पूर्ण उचल मागतो. दिरासोबत किंवा थोरल्या मुलासोबत जोडी लावून ये, असा आग्रह होतो, आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा शाळा सोडून फडात जातो. या टप्प्यावर तुमची मदत मशीनपेक्षा कितीतरी जास्त मोलाची आहे.

ज्याचे देणे आहे त्या प्रत्येकाचे नाव, रक्कम, तारीख आणि पुरावा असे चार रकाने वहीत पाडावेत. मृताचे कर्ज वारसांवर येते ते त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतेच. तिच्या स्वतःच्या मजुरीवर किंवा तिला मिळालेल्या अनुदानावर ते चढत नाही. मुकादमाला गावातल्या चौघांसमोर बसवावे, झालेल्या कामाचे टन आणि दर मांडून उचलीतून वजा करायला लावावेत, आणि उरलेल्या रकमेचे तिला झेपेल असे लेखी हप्ते ठरवावेत. जुन्या तोंडी उचलीसाठी तिने नव्या मुद्रांक कागदावर सही करू नये. दोघांनी मिळून घेतलेले बचत गटाचे किंवा बँकेचे कर्ज असेल तर ते वेगळे लिहावे, कारण तिथे ती स्वतः कर्जदार असते.

6. तिच्या दिवसाची घडी, आणि मग काम

'ताई, तुम्हाला काय येतं?' असे विचारले की ठरलेले उत्तर येते : 'मला काय येतंय, खुरपायला अन् भाकरी थापायला.' तिथे कार्यकर्ते निराश होतात आणि प्रशिक्षणाची यादी काढतात. प्रश्न बदलून विचारावा. गेल्या वर्षी तुमच्या हातात पैसे कशा-कशातून आले, कोणत्या महिन्यात आले, आणि शेजारणी कोणते काम तुमच्याकडूनच करून घेतात? या तीन प्रश्नांनंतर तिच्याकडे काय आहे ते दिसू लागते. 'खुरपायला अन् भाकरी थापायला' हे उत्तर देणारीच्या हातच्या भाकरीला गावातल्या प्रत्येक लग्नात मागणी होती, हे आम्हाला तिच्या जावेकडून कळले.

मग पहाटे उठल्यापासून झोपेपर्यंतचा तिचा दिवस तासातासाने लिहावा. पाणी, स्वयंपाक, मुलांची शाळा, सासूचे औषधपाणी, रोजंदारी, जळण. सगळे लिहून झाल्यावर उरतात तेवढेच तास धंद्याचे. तीन तास उरत असतील तर आठ तासांचा धंदा तिला देता येणार नाही. घरात सहा महिन्यांचे मूल असेल तर रोज बाजारात बसण्याचे काम तिला झेपणार नाही. हा कागद न करता निवडलेले काम चार महिन्यांत सुटते, आणि मग 'बाईच मनावर घेत नाही' असा शेरा तिच्या माथी येतो.

निवड करताना एकाच कामावर सगळा भार टाकू नये. एक काम आठवड्याला पैसे देणारे असावे (भाकरी, दूध, शिलाई, भाजी) आणि एक वर्षाकाठी पैसे देणारे (शेळ्या, स्वतःच्या वाट्याचे शेत). पहिल्याने चूल चालते आणि दुसऱ्याने पत्रे, फी, लग्नकार्य निघते. चालू रोजंदारी पहिले सहा महिने तरी सोडायला सांगू नये.

7. पंधरा दिवसांची चाचणी

काहीही विकत घेण्याआधी उसन्या साधनांवर पंधरा दिवस काम करून पाहावे. भाकरीचेच उदाहरण घेऊ. समजा, दळण आणि जळण धरून एक किलो ज्वारीचे पीठ 55 रुपयांना पडले, त्यात दहा भाकऱ्या झाल्या आणि तालुक्याच्या मेसने भाकरी 12 रुपयांना घेतली, तर किलोमागे 65 रुपये सुटतात. रोज चाळीस भाकऱ्यांचे 260 होतात. गाडीभाड्याचे 40 गेले की 220 उरतात, आणि त्यासाठी तिचे पहाटेचे तीन तास जातात. रोजंदारीच्या जोडीला हे उत्पन्न चांगले आहे. पण मेसला रविवारी सुटी असते, परीक्षा संपल्या की मुले गावी जातात, आणि मे महिना पूर्ण रिकामा जातो. हे पंधरा दिवसांत मेसवाल्याशी बोलताना कळले तर मे महिन्यासाठी लग्नांची ऑर्डर धरता येते. मशीन आणि कर्ज घेऊन झाल्यावर कळले तर हप्ता थकतो.

चाचणीत तिनेच माल घेऊन जावे, तिनेच भाव बोलावा. पहिल्या दोन दिवशी सोबत जावे, तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावर थांबावे. तुम्ही भाव ठरवून दिला तर ग्राहक तुमचे होतात.

विधवेने सकाळी समोर येऊ नये, दुकानात पुढे बसू नये, असे बोलणारी माणसे अजून आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि 17 मे 2022 रोजी राज्य शासनाने तो कित्ता गिरवण्यासाठी परिपत्रक काढले. आपल्या ग्रामसभेत तसा ठराव आधी करून घेतला, तर आठवडी बाजारात जागा मागताना सरपंचांना हात झटकता येत नाहीत.

*तपासणी : पंधरा दिवसांच्या शेवटी वहीत तीन आकडे हवेत : एकूण विक्री, एकूण खर्च, लागलेले तास. तासाला पडणारी रक्कम गावातल्या खुरपणीच्या मजुरीपेक्षा कमी असेल, तर काम बदलावे. शिलाईचा निर्णयही याच आकड्यांवर घ्यावा.*

8. साधन, खेळते भांडवल आणि कर्ज

आता कुठे खरेदीची वेळ येते. मोफत मिळणारे आधी पाहावे. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षण विनामूल्य असते. आधीपासून शिवणकाम करणाऱ्या बाईला विश्वकर्मा योजनेत साधनांसाठी 15,000 रुपयांचे व्हाउचर मिळू शकते. खाद्यपदार्थ करणाऱ्या गटाच्या सदस्याला सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून 40,000 रुपयांपर्यंतचे बीज भांडवल गटामार्फत मिळते.

साधनाइतकीच रक्कम खेळत्या भांडवलासाठी बाजूला हवी. मशीन येते, पण अस्तर, दोरा, हुक आणि काजासाठी पैसे नसतात, म्हणून बाई गिऱ्हाइकाकडून आगाऊ घेते आणि ते घरात खर्च होतात. यासाठी घरात दोन डबे ठेवावेत, एक घराचा, एक धंद्याचा. विक्रीचे सर्व पैसे आधी धंद्याच्या डब्यात जातील आणि दर रविवारी ठरलेली 'मजुरी' त्यातून घराच्या डब्यात येईल. अक्षर येत नसेल तर पाचवीतली लेक वही लिहील. उधारीची हद्द सुरुवातीलाच सांगून टाकावी : एका घराला शंभर रुपये, त्यापुढे नाही.

कर्ज शक्यतो बचत गटातूनच घ्यावे. गटात विधवेला घ्यायला कुरकुर होते, 'हिचा हप्ता थकला तर कोण भरणार' असे म्हणतात. म्हणून तिने कर्ज मागण्याआधी सहा महिने नियमित बचत आणि हजेरी दाखवलेली बरी. गावात मोटारसायकलवर येणाऱ्या मायक्रोफायनान्सवाल्यांकडून दोन-तीन कर्जे एकाच वेळी घेतलेली घरे मी पाहिली आहेत. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमाप्रमाणे अशा कर्ज देणाऱ्यांना कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जातील असे कर्ज देता येत नाही. आपण तर तिसऱ्या हिश्शावरच थांबावे.

शेळ्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण चुका तिथेच अधिक होतात. योजनेत दहा शेळ्या आणि एक बोकड मिळतो म्हणून तेवढ्या घेतल्या जातात, आणि पहिल्याच पावसाळ्यात निम्म्या मरतात. पहिल्या वर्षी तीनच घ्याव्यात, उस्मानाबादी, आपल्याच तालुक्यातल्या ओळखीच्या कळपातून. बाजारातून घेतलेली शेळी कोणता रोग घेऊन आली ते कळत नाही. दात, कास आणि मागचे खूर पाहावेत. पावसाळ्याच्या तोंडावर खरेदी टाळावी. पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस झालेली नसेल तर करून घ्यावी, आंत्रविषाराची लस मे महिन्यात द्यावी, जंताचे औषध पावसाळ्याच्या आधी आणि नंतर द्यावे. गोठ्याची जमीन ओलसर राहणार नाही एवढे पाहिले तरी निम्मी दुखणी टळतात.

आता हिशेब. शेळी पाच महिने गाभण राहते, आणि करडू विकण्याजोगे व्हायला पुढे सात-आठ महिने लागतात. म्हणजे पहिला पैसा वर्षाने येतो. कर्जाचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो, आणि तो भरायला बाई चौथ्या महिन्यात गाभण शेळी विकते. म्हणून शेळ्यांचे कर्ज घ्यायचेच असेल तर वर्षाची सवलत मागावी, किंवा आठवड्याच्या कामातून हप्ता निघतो का ते आधी पाहावे. बोकड शक्यतो बकरी ईदच्या बाजारापर्यंत राखावा. शेळीचा विमा उतरवला असेल आणि ती मेली, तर पशुवैद्यकाचा दाखला आणि कानातला बिल्ला मिळाल्याशिवाय तिला पुरू नये. त्याशिवाय दावा मिळत नाही.

9. दीड वर्षाची सोबत

पहिला महिना दर आठवड्याला, पुढचे पाच महिने पंधरवड्याला, त्यानंतर महिन्यातून एकदा भेट द्यावी. भेटीत 'कसं चाललंय' असे विचारू नये, 'बरं चाललंय' हेच उत्तर येते. वही उघडावी, दोन्ही डबे पाहावेत, आणि मुले शाळेत गेली होती का ते विचारावे. मुलगी शाळेतून काढून धंद्याला बसवली असेल, तर वहीतला नफा खरा नाही.

जून, दिवाळी आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याचा काळ, या तीन वेळा हमखास अडचणीच्या. शाळेचा खर्च, सणाचा खर्च आणि मुकादमाचे पैशांचे आमिष एकामागून एक येते. त्या आठवड्यांत न सांगता घरी जावे. निराधार योजनेसाठी दरवर्षी लागणारा हयातीचा दाखला या भेटींतच आठवणीने करून घ्यावा.

सोबत कधी थांबवायची याच्या खुणा ठरलेल्या असाव्यात : सहा महिने सलग धंद्याच्या डब्यात खेळते भांडवल शिल्लक आहे, बाहेरचे नवे कर्ज नाही, एखादे आजारपण भांडवल न मोडता निभावले आहे, आणि तहसीलला ती एकटी जाऊन पोच घेऊन आली आहे. चारही जुळल्यावर भेटी बंद कराव्यात.

शेवटच्या भेटीत बँकेत एकदा सोबत जावे. तिच्या खात्यावर वारसदार म्हणून बहुधा अजून पतीचेच नाव असते, ते बदलून मुलांचे लावावे. वय 50 च्या आत असेल तर 436 आणि 20 रुपयांचे दोन्ही विमे तिच्या नावाने सुरू करावेत, मुले 18 वर्षांखालील असल्याने त्यांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी विश्वासाची व्यक्ती तिच्याच पसंतीने अर्जात लिहावी, आणि तो कागद फाइलमध्ये सर्वांत वर लावून फाइल कुठे ठेवली आहे ते थोरल्या मुलीला दाखवून ठेवावे.